आरओचा पाईप ओढून काढू नका

कोथरूडच्या घरी पाण्याच्या आरओ प्युरिफायरचा फिल्टर बदलायला जो माणूस आला होता त्याने पुश फिटिंगमधला (पाईप नुसता आत दाबून बसवायचा जोड) पाईप पकडीने पिळून ओढला, आणि रात्री ओट्याखाली पाणीच पाणी. तेव्हापासून हे काम मीच करतो.

या फिटिंगच्या तोंडाशी एक छोटी रिंग असते, कॉलेट म्हणतात, तिचे बारीक दात पाईपला धरून ठेवतात आणि आत ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, पाणी अडवते. म्हणजे जितकं ओढाल तितके दात जास्त रुततात! आधी पाण्याचा कॉक बंद करून प्रेशर सोडायचं, लॉकिंग क्लिप असेल तर काढायची, मग कॉलेट चारी बाजूंनी सरळ आत दाबून धरायची की पाईप अलगद येतो. बोटांनी ती एकाच बाजूला दबते, म्हणून इंग्रजी यू सारखं प्लॅस्टिकचं रिलीज टूल घ्याच, अगदी स्वस्त मिळतं, पाव इंची पाईपचं मागा.

दुसरं म्हणजे पाईप कटर. कात्रीने पाईप चेपतो, तोंड तिरकं होतं आणि तिथूनच गळतं. जुन्या टोकावर नखाने चाचपून बघा, दातांचे ओरखडे लागतील, तेवढा तुकडा कापून टाकायचा. बसवताना पहिल्या अडथळ्यावर थांबू नका, ती ओ-रिंग असते, अजून जोर लावून तळाला टेकवा, मग उलटा ओढून बघा.

आणि हो, भोसरीकडे कंपनीत कामाला असाल तर तिथली ६ एमएमची न्युमॅटिक, म्हणजे दाबाच्या हवेच्या पाईपची, फिटिंग घरी आणून लावू नका, पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम, ते जुळत नाही.