वजन ५४ किलोच राहिलं

"तुझं बरं आहे बाई, तुझ्या अंगाला काही लागतच नाही." हे मी वीस वर्षं ऐकत आले आणि खरंही मानत आले. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. म्हणून शाळेत आम्हा शिक्षकांच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या काठावर आली तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी रिपोर्ट माझ्या नावावर आला. पुन्हा तपासली. तीच आली.

डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघितलंच नाही. टेपने पोट मोजलं, ८४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं. मग म्हणाले, "हात छातीशी घ्या आणि खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा." मला १४ सेकंद लागले. बारा किंवा त्याहून जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली असं धरतात. मी ४७ वर्षांची, रोज पाऊण तास चालणारी. तो आकडा साखरेपेक्षा जास्त लागला मला. शेवटी अंगातली चरबी मोजणाऱ्या यंत्रावर उभं केलं. शरीरात ३६ टक्के चरबी.

तेव्हा त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत किती चरबी असू शकते, हे त्यांनी स्वतःच्या देहावरून दाखवलं. मला फार धीर आला. माझ्यासारखे खूप आहेत म्हणायचे.

जेवल्यावर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या मदतीने सर्वांत जास्त स्नायू ओढून घेतात. कोठारच लहान असेल तर ती कुठे जाणार? आणि पोटाच्या आत, यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनचं काम आणखी अवघड करते. म्हणजे मला वजन घटवायचं नव्हतं, स्नायू कमवायचे होते.

हे कळूनही पहिले दोन महिने मी चूक केली. भात बंद, रात्री नुसतं सूप. वजन ५१ वर आलं, मी खूश. यंत्राने दाखवलं की चरबीच्या बरोबरीने स्नायूही गेले होते. केसही गळायला लागले होते. त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

मग नीट बसून ताट तपासलं. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे, डब्यात पोळी-बटाटा, रात्री पातळ आमटी. प्रथिनं जेमतेम ३० ग्रॅम. मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि मगच वाढवली. आता सकाळी दोन अंडी किंवा मुगाची धिरडी आणि दही, डब्यात मटकीची घट्ट उसळ, रात्री पनीर नाहीतर सोयाबीन. साधारण ५५ ते ६० ग्रॅम होतात. भात परत आला, फक्त वाटीने मोजून.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. सुरुवात भिंतीला हात टेकून पुश-अप्स आणि खुर्चीवरच्या उठाबशांनी केली. तीन किलोचे डंबेल महिनाभर तेच उचलत राहिले, तेव्हा व्यायामशाळेतली मुलगी म्हणाली, "ताई, आता वजन वाढवल्याशिवाय काही होणार नाही." ती बरोबर होती. चालणं सोडलं नाही, पण नुसत्या चालण्याने हात आणि पाठ बळकट होत नाहीत हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

नऊ महिन्यांनी त्याच यंत्रावर, सकाळी उपाशीपोटी (पाणी कमी-जास्त प्यायलं तरी आकडा हलतो) उभी राहिले. वजन ५४. चरबी ३३ टक्के. पोट ८०. साखर ५.८, म्हणजे अजून काठावरच. खुर्ची १० सेकंदांत. शाळेतला वीस लिटरचा पाण्याचा जार आता मीच चढवते, शिपायाची वाट बघत नाही.

माझं बघून आईला खुर्चीवर बसवलं. ७४ वर्षांची. पहिल्यांदा हात टेकल्याशिवाय तिला उठताच आलं नाही. आता रोज सकाळी पूजेआधी ती माझा हात धरून उठते-बसते. गुरुवारी तिने दोनदा हात सोडून उठून दाखवलं.