खांबाचा पाय

बागेत लाकडी गझिबो, म्हणजे सहा खांबांवरचा छपराचा मांडव, उभा राहिला तेव्हा तो बसण्यासाठी आहे, अशी माझी भाबडी समजूत होती. बसतो मी त्यात, नाही असं नाही. पण हिशेब मांडला तर आत ऐसपैस बसण्यापेक्षा बाहेर उकिडवं बसण्यातच माझा जास्त वेळ गेलाय. हातात पॉलिश पेपर, नाहीतर ब्रश, नाहीतर नुसताच संशय.

संशयाला कारण आहे. सुरुवातीला मी हौसेनं वार्निशचे चार हात मारले. खांबात तोंड दिसावं अशी चकाकी आली. दोन वर्षं ती टिकली. तिसऱ्या वर्षी एका खांबाच्या तळाशी, जमिनीपासून चार बोटं वर, वार्निशला फुगवटा दिसला. सहज म्हणून स्क्रू ड्रायव्हर टेकवला. टेकवलाच फक्त. तो दीड इंच आत गेला आणि येताना टोकाला तपकिरी, चौकोनी-चौकोनी भुसा घेऊन आला. वरून खांब नवा कोरा!

सुतारकाका आले. त्यांनी माझ्या चकाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट खाली वाकले, खांब जिथे मातीत शिरला होता तिथलं गवत बाजूला सारलं आणि म्हणाले, "पाय ओला, आणि अंगात प्लॅस्टिकची पिशवी. काय करणार बिचारा?"

चार हातांच्या मेहनतीला पिशवी म्हटलेलं जरा लागलं. पण खरं होतं ते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्यासरशी रुंदीत फुगतं, आक्रसतं, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. वार्निशचा कडक थर काही त्याच्यासोबत इतकी वर्षं आत-बाहेर करत नाही. कुठेतरी केसाएवढी चीर पडते. पाणी तेवढ्यातून आत जातं आणि मग बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असला तर कुजवणारी बुरशी उपाशी राहते. पिशवीत मात्र तिची चंगळ असते.

त्यातून खांबाचं खालचं टोक म्हणजे आडवा काप. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांमधून मुळांचं पाणी वर चढायचं, त्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. झाड तोडलं, ही बातमी त्यांना कुणी दिलेलीच नसते. त्या आपल्या पीत राहतात.

काकांनी छताला टेकू दिला, कुजका पाय कापला, नवा तुकडा खाच पाडून सांधला आणि तळाशी लोखंडी बूट देऊन खांब मातीपासून दोन इंच वर उचलला. त्याआधी कापलेल्या टोकाला बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, पाजलं. 'लावलं' म्हणवत नाही, पाजलंच. पाचव्या हाताला ते टोक तृप्त झालं. उरलेल्या पाच खांबांनाही तसेच बूट मिळाले आणि छपराच्या पागोळ्या पडतात तिथे खडी पसरली, म्हणजे चिखल उडून खांबावर बसायला नको.

वार्निश खरवडणं माझ्याकडे आलं. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

आता फक्त तेल. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढायचं. मी पहिल्यांदा पुसायला आळस केला, तर बाक महिनाभर चिकट राहिला आणि बसणाऱ्याला सोडेना. आणि हो, तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात ती धग कोंडली की चिंध्या आपसूक पेट घेऊ शकतात. मी चिंध्या पाण्यात बुडवतो, नाहीतर बाहेर मोकळ्यावर सुट्या पसरून वाळवतो.

पुढचा हात कधी द्यायचा, हे लाकडालाच विचारतो. कठड्यावर चार थेंब शिंपडायचे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर घरी जायचं. पसरून लाकूड काळवंडलं तर डबा उघडायचा.

गझिबो करडा पडलाय, अशी तक्रार येणारे-जाणारे करतात. उन्हातली अतिनील किरणं लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि करडे तंतू वर राहतात. पण हे सगळं वरवरचं. आतल्या बळाला धक्का लागत नाही. रंगद्रव्य घातलेलं तेल वापरलं तर करडेपणा बराच लांबवता येतो. मी वापरत नाही. चकाकीनं एकदा फसवलंय.

पाऊस थांबला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन फेरी मारतो, सहाही खांबांच्या पायाशी टोचून बघतो. परवाही गेलो होतो. बुटाच्या कडेवरून एकेक थेंब सुटून खडीत पडत होता. पाच खांब एकसारखे करडे झालेत. सहाव्याचा पाय अजून जरा पिवळसर आहे.