पहिल्यांदाच एकटी फिरायला गेले, त्याची सगळी तयारी (कोल्हापूर ते मालवण)

माझं वय ४८, कोल्हापुरात शाळेत क्लार्क आहे, आणि आत्तापर्यंत एकटीनं केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे लेकीकडं पुण्याला, तो पण इथं हे स्टँडवर सोडणार आणि तिथं ती स्वारगेटला उभी असणार. ह्यांना समुद्र आवडत नाही, अंग चिकचिक होतं म्हणतात, आणि मैत्रिणींचं दरवर्षी ठरतं पण ऐनवेळी कुणाच्या तरी घरी काहीतरी निघतंच. शेवटी दिवाळी झाल्यावर मी एकटीनंच जायचं ठरवलं. रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण. लेक म्हणत होती आई हम्पीला जा, गोकर्णला जा, पण मला पहिल्या वेळी आपली भाषा चालेल असंच ठिकाण पाहिजे होतं, कंडक्टरशी, रिक्षावाल्याशी भांडायची वेळ आली तर मराठीत भांडता आलं पाहिजे. आणि नाहीच जमलं तर एसटीत बसून त्याच दिवशी घरी येता येईल एवढ्या अंतरावर.

नेटवर एकटीनं फिरायच्या टिप्स वाचल्या तर त्यात मिरचीचा स्प्रे, शिट्टी, दाराला लावायचं अलार्मवालं कुलूप असली खरेदीच जास्त होती. मी यातलं काही घेतलं नाही. माझा एकच नियम, नवीन गावात उजेडात पोचायचं. नोव्हेंबरअखेरीस कोकणात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून चारच्या आत रूमवर, असं धरून सगळं उलटं मोजत आले. कुठली गाडी, किती वाजताची, जेवण कुठं, सगळं त्या चार वाजण्यावरनं ठरलं. उदाहरणार्थ रत्नागिरीहून कुडाळला जायला सगळे मांडवी एक्सप्रेस सांगतात, डब्यात खायला भारी मिळतं म्हणून, पण ती रत्नागिरीला दुपारी येते, तास दीड तास लेट झाली की कुडाळहून मालवणची एसटी अंधारात. त्यापेक्षा सकाळची जनशताब्दी बरी, बसून जायचं सेकंड सीटिंगचं तिकीट स्वस्त पडतं, आणि रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा तो ६४ मीटर उंच पूल लख्ख उन्हात बघायला मिळाला. खिडकीची सीट मिळाली हे नशीब. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, मी ठरल्या ठरल्या करून टाकलं, वेटिंगवर राहून आदल्या रात्री जीव टांगणीला लावायचं मला या वयात झेपत नाही.

बाकी सगळा प्रवास लाल एसटीनं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना महाराष्ट्रात अर्धं तिकीट आहे, त्यामुळं प्रवासाचा खर्च इतका कमी आला की ह्यांना खरंच वाटेना. एसटीचा तो आवडेल तेथे प्रवास पास पण असतो चार आणि सात दिवसांचा, पण माझा निम्मा वेळ एकाच ठिकाणी बसण्यात जाणार होता, मग पास कशाला. पुढच्या सीटवर बसायचं आणि कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवायचं की मला अमुक ठिकाणी उतरायचंय, नवीन आहे. आंबा घाट उतरताना आमच्या कंडक्टरनी, रत्नागिरीत गणपतीपुळ्याची गाडी कुठं लागते, आरे-वारेच्या समुद्राकडच्या रस्त्यानं जाणारी कुठली, हे न विचारता सांगितलं.

आता रूम. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि डोकं पण फिरलं. फोन केला, रूम आहे का, आहे मॅडम, किती जण, मी एकटी, की लगेच पलीकडून गप्प. एका लॉजवाल्यानं तर सरळ सांगितलं, सिंगल लेडीजना देत नाही, मालकांची ऑर्डर आहे. का तर म्हणे उगाच काही झालं तर पोलीस आमच्या मागं. म्हणजे मला जपायला नाही, त्यांना जपायला. एका भक्तनिवासात पण एकट्या माणसाला खोली देत नाहीत म्हणाले. मग मी मोठ्या साइटवर शोधायचं बंद केलं आणि घरगुती ठिकाणं बघायला लागले, जिथं खाली मालक राहतात आणि वर दोन-तीन खोल्या भाड्यानं देतात. फोटो आणि रिव्ह्यू बघायचेच, रिव्ह्यू बायकांनी लिहिलेले आधी वाचायचे, पण फोन करून घरातल्या बाईशी बोलायचं हे माझं ठरलेलं. काकू, रात्री तुम्ही घरातच असता ना? स्टँडवरनं चालत किती मिनिटं? दाराला आतनं कडी आहे का नुसतं लॅच? एवढे तीनच प्रश्न, आणि त्या कशा उत्तर देतात यावरनं मला घर कळायचं. मालवणच्या काकूंनी तर उलट मलाच विचारलं, रात्री जेवणार का, म्हावरा चालतो का, मग आत्ताच सांगा म्हणजे सकाळी बाजारातनं आणते. तिथं मी लगेच पाचशे रुपये अ‍ॅडव्हान्स टाकले. रात्रीला ९०० रुपये, सोमवार ते गुरुवार गेले म्हणून, शनिवार-रविवारी हीच खोली दीडपट. अंगारकी, नाताळ, एकतीस डिसेंबर या तारखा तर टाळाच. स्वस्तात पाहिजे म्हणून गावाबाहेरची ६०० ची खोली पण मिळत होती, पण रोज रिक्षाचे शंभर-दीडशे आणि संध्याकाळी निर्जन रस्ता, मग कसली बचत.

रूमवर आधारची झेरॉक्स मागतात. मी मास्क्ड आधार काढून नेलं होतं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि त्यावर तारीख टाकून फक्त रूमसाठी असं आडवं लिहून दिलं, कुणी काही बोललं नाही.

पैशाचं म्हणाल तर फोनपेला पगाराचं खातं जोडलेलं होतं ते काढलं आणि दुसऱ्या बँकेचं एक जुनं पडून असलेलं खातं जोडलं, त्यात सहा हजार टाकले, फोन गेला तरी तेवढेच जातील. रोकड तीन ठिकाणी, थोडी पर्समध्ये, थोडी सॅकमध्ये तळाशी, आणि दोन हजार कुर्त्याला आतनं शिवलेल्या खिशात, हा खिसा आईनं शिवून दिला, तोंडानं एकटी कशाला जातीस म्हणत म्हणत. समुद्राकडं बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, त्यामुळं सुट्टे पैसे पाहिजेतच.

लेकीशी वेगळं ठरलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, मग परत चालू करावं लागतं, बॅटरी पण खातं, म्हणून ते फक्त प्रवासात. बाकी सकाळी एक मेसेज आणि संध्याकाळी सातला एक. सातचा आला नाही तर आधी मला फोन, नाहीच लागला तर मी राहते त्या घरच्या काकूंना, त्यांचे नंबर तिच्याकडं लिहून ठेवले होते. ११२ आणि रेल्वेचा १३९ माझ्या फोनमध्ये पहिल्याच पानावर. आणि सारखं पोचलीस का पोचलीस का विचारायचं नाही, ही अट माझी.

खरी भीती मला चोरांची नव्हती, हॉटेलात एकटीनं बसून जेवायची होती. हसू नका. म्हणून आधी एका रविवारी पन्हाळ्याला एकटी जाऊन आले, एसटीनं, तीन दरवाजा बघितला, आणि मुद्दाम एका गर्दीच्या हॉटेलात टेबल धरून पिठलं-भाकरी खाल्ली. पहिली दहा मिनिटं सगळे आपल्याकडंच बघतायत असं वाटलं, मग कळालं की सगळे आपापल्या ताटात बघतायत.

रस्त्यात एकट्याच का, हा प्रश्न येतोच. बायकांनी विचारलं तर खरं सांगायचे, त्यातनं गप्पा पण छान व्हायच्या. पुरुषांनी विचारलं तर मिस्टर मागच्या गाडीनं येतायत. हे मिस्टर माझ्याबरोबर रत्नागिरीपासून मालवणपर्यंत सतत मागच्या गाडीनं येत होते आणि इकडं घरी सोफ्यावर मॅच बघत होते. अनोळखी माणसाला खोटं बोलल्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

समुद्रात गुडघ्यापुढं गेले नाही. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला शांत पण पोहायला धोक्याचा आहे, तसे बोर्ड पण लावलेत, आणि आपण एकट्या असलो की बॅग कोण बघणार हा प्रश्न असतोच. तिथनं मालगुंड जवळच आहे, केशवसुतांचं स्मारक निवांत बघून झालं. मालवणला सिंधुदुर्गाची बोट मात्र सकाळची पहिली धरा, मी गेले तेव्हा गर्दी नव्हती, दूधबाव, दहीबाव, साखरबाव तिन्ही विहिरी आरामात बघता आल्या, चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोडं. बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या, मी मागितलं तसं मागच्या दोघींनी पण मागितलं.

परत येताना मालवणहून सकाळची कोल्हापूर एसटी, फोंडा घाट, राधानगरी करत दुपारी घरी. सगळा खर्च मिळून सात हजारांच्या आत बसला, त्यात सगळ्यात जास्त गेले राहण्याचे, त्याखालोखाल मासे. बांगड्याची थाळी स्वस्त असताना मी रोज सुरमई खाल्ली, तिथं मात्र मी काटकसर केली नाही. तारकर्लीला रिक्षा करावी लागली ते महाग पडलं, जाताना एसटी मिळते पण परतीच्या गाडीची वेळ आधी स्टँडवर विचारून घ्या. छत्री, दुसरी चप्पल आणि दोन जादाचे ड्रेस नुसते वाहून आणले, एक सॅक आणि खांद्याची पर्स एवढ्यात सगळं बसतं.