देवाज्ञा

बुधवार, रात्री साडेअकरा

परवा धाकट्या भावाचं वर्षश्राद्ध. पेपरात द्यायच्या पुण्यस्मरणाचा मजकूर काकांनी संध्याकाळी फोनवर सांगितला, मी उतरवून घेतला. ‘गतवर्षी आजच्या दिवशी देवाज्ञा झाली’ या ओळीवर पेन अडलं. काकांना काही बोललो नाही. आपल्याकडे असंच लिहितात. तेव्हाही भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगायचा, देवाला चांगली माणसं लवकर आवडतात. एकतीस वर्षांचा मुलगा, सहा दिवसांचा ताप. हे ज्याला आवडलं त्याच्यापुढे संध्याकाळी दिवा लावायचा, हे मला वर्षभरात जमलेलं नाही.

समोरच्या पारशी आंटी तेवढ्या वेगळं बोलल्या होत्या. खुर्चीत बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या आणि उठताना म्हणाल्या, “आमच्यात मरण खुदाचं काम नसतं. ते त्या दुसऱ्याचं.” त्या एका वाक्याच्या मागे लागून मी वर्षभर वाचतो आहे.

तो दुसरा म्हणजे अंग्र मैन्यू, पारशी धर्मातला दुष्ट आत्मा; नंतरच्या पहलवी, म्हणजे मध्य फारसी, ग्रंथांतला अहरिमन. पहलवी पोथ्यांचे लेखनिक त्याचं नाव पुष्कळदा उलटं करून, डोकं खाली पाय वर असं लिहीत. आंटी सकाळी खिडकीशी उजेडाकडे तोंड करून कुस्ती बांधतात. कमरेची ती लोकरीची दोरी बहात्तर धाग्यांची असते. प्रार्थनेत अहरिमनचा उल्लेख आला की त्या दोरीची टोकं झटकतात. पूर्वी मला वाटायचं, पीळ सोडवत असतील.

बुंदहिश्न या पहलवी ग्रंथात सगळी हकिगत आहे. वर उजेडात अहुरमज्द, म्हणजे पारशांचा परमेश्वर, खाली काळोखात अहरिमन, मधे पोकळी. अहुरमज्दने एकवीस शब्दांची अहुनवर प्रार्थना म्हटली आणि अहरिमन ३००० वर्षं मूर्च्छित पडला. शुद्धीवर आला तो थेट सृष्टीत घुसला. पाणी खारट केलं, झाडांना काटे आणि विष दिलं, पहिला बैल मारला, पहिला माणूस गयोमर्त, त्यालाही मारलं. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या वेंदिदादमध्ये तर अंग्र मैन्यूने ९९,९९९ रोग निर्माण केल्याचं म्हटलंय. मी त्या आकड्यापाशी कितीतरी वेळ थांबलो होतो. त्यातला एक आमच्या घरी आला.

आणि आग. आग अहुरमज्दची, पवित्र. अहरिमनने तिच्यात धूर मिसळला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी मीच दिला होता. वारा आमच्याच बाजूचा होता आणि धुराने डोळे उघडता येत नव्हते. प्रेत आगीला द्यायचं नाही, हा पारशांचा नियम मला ठाऊक आहे. आंटींनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. पण ज्वाळा एकाची आणि धूर दुसऱ्याचा, हे त्या दिवशीचं जसंच्या तसं आहे.

याच पुण्यात १८५९ साली मार्टिन हाउग हा जर्मन पंडित संस्कृतचा प्राध्यापक म्हणून आला. त्याने गाथा, म्हणजे जरथुष्ट्राची स्तोत्रं, वाचून मांडलं की दोन्ही मैन्यू, म्हणजे आत्मे, भला आणि बुरा, एका अहुरमज्दच्याच ठायी आहेत. एकेश्वरवादावरून मिशनऱ्यांशी वाद घालणाऱ्या मुंबईच्या पारशांना त्याचा मोठा आधार वाटला. हाउग विद्वान खराच, पण मला त्याचं म्हणणं स्वीकारता येत नाही. फिरून हिशेब त्याच एका देवाच्या वहीत जातो. गाथेतला शब्द मला जास्त पटतो. दोघे जुळे, विचारात, उच्चारात, आचारात एक भला, एक बुरा, आणि निवड ज्याची त्याची.

सगळ्यात आत गेलेली गोष्ट फ्रवशींची, म्हणजे माणसांच्या जन्माआधीपासून असलेल्या आत्म्यांची. माणसं जन्मायच्या आधी अहुरमज्दने त्यांच्या फ्रवशींना विचारलं, इथेच कायम सुरक्षित राहता, की देह घेऊन खाली जाता, लढता, मरता आणि शेवटी अमर होता? त्यांनी खाली जाणं पत्करलं. म्हणजे धाकट्यालाही कुणीतरी विचारलं होतं. तो ‘जातो’ म्हणाला असणार. लहानपणी गल्लीतल्या भांडणात तोच पुढे व्हायचा.

अवेस्ताच्या भाषेत ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती. आपला देव तो त्यांचा राक्षस. त्या भाषेत वाचली तर काकांची ओळ शब्दशः खरी आहे. पण परवाचा पेपर आई वाचणार आहे, मराठीत.

म्हणून ‘देवाज्ञा झाली’ खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘तापाने आमच्यातून नेला.’ सकाळी काकांना फोन करून सांगायचंय.