नऊ गाठींचा धागा

गेल्या महिन्यात पाय मुरगळला आणि दोन आठवडे पलंगावर काढावे लागले. तेव्हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड आणि ऑर्कनी बेटांवरचा जुना उपाय वाचनात आला. काळ्या लोकरीच्या धाग्याला नऊ गाठी मारायच्या, तो मुरगळलेल्या सांध्याभोवती बांधायचा आणि बांधताना म्हणायचं, सांध्याला सांधा, हाडाला हाड. विणकामातली काळी लोकर उरलेली होतीच. मी बांधला. सूज उतरली ती बर्फाने आणि विश्रांतीने, पण गाठी मोजताना ठणक्याभोवती घोंगावणारं मन पहिल्यांदा जागेवर बसलं. पाचव्या गाठीपाशी तर मी अंक मोठ्याने म्हणत होते.

त्यानंतर वाऱ्याच्या गाठींनी मला पुरतं पकडलं. मॅन बेटावर, फिनलंडमध्ये, लॅपलंडमध्ये खलाशी म्हणे वारा विकत घेत, दोरीच्या तीन गाठींत बांधलेला. पहिली सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, आणि तिसरी सोडायचीच नाही, तिच्यात वादळ. स्वीडिश लेखक ओलाउस माग्नुसच्या १५५५ सालच्या ग्रंथात या विक्रीचं चित्रही आहे. इथे खरी करामत बांधण्यात नाही, सोडण्यात आहे. म्हणून मला वाटतं, पहिल्या दोन सुरगाठी असणार आणि तिसरी निरगाठ. बाळंतिणीच्या घरात तर उलटी घाई: वेण्या, नाड्या, बंद, सगळं मोकळं करायचं, कुठली गाठ बाळाला अडवेल कोण जाणे!

गाठीची भीतीही तितकीच जुनी. कुराणाच्या ११३व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, गाठींवर फुंकर मारणाऱ्यांपासून रक्षण मागितलं आहे.

इंग्लंडमधल्या वेलिंग्टन गावी १८७८ साली एका जुन्या घराच्या माळ्यावर पिसं अडकवलेला दोर सापडला. 'चेटकिणीची शिडी' म्हणून तो गाजला, आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे. मानववंशशास्त्रज्ञ टायलर यांनी तो सभेत दाखवला, तेव्हा श्रोत्यांतले दोघे उठून म्हणाले, ही तर शिकारीत हरणं वळवायची दोरी. मला त्या दोघांचं म्हणणं पटतं. वापरणाऱ्याचा शब्द मागे राहिला नाही की दोराला कुणीही काहीही म्हणू शकतं.

पाय बरा झाल्यावर धागा कापायला हात धजेना. दोन संध्याकाळी बसून नखांनी गाठी सोडवल्या. आठ सुटल्या. नववी घट्ट बसली आहे, ती तशीच ठेवली आहे.