माझा फोन तुमच्या यादीत का नाही?

नौपाड्यातल्या भाच्यापासून महाप्याच्या ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळे मला एकच विचारतात, "ती तुमची फुकटची सिस्टिम माझ्या फोनवर कधी येणार?" आम्ही काही जण नोकऱ्या सांभाळून, निव्वळ हौसेनं, जुन्या फोनांवर मुक्तस्रोत (जिचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी) सिस्टिम बसवतो आणि ती कुठल्या फोनांवर चालते याची यादी ठेवतो. वाट पोस्टमार्केटओएसची, म्हणजे अँड्रॉइड पूर्ण काढून थेट लिनक्स, संगणकांवर चालते ती मुक्त सिस्टिम. 2017 साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पाचं ध्येयच मुळी फोन दहा वर्षं चालावा असं होतं. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा दोन-तीन वर्षांचा झकास फोन असतो आणि माझं उत्तर बहुधा "नाही येणार" असतं. मग समोरच्याचा चेहरा उतरतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

आधी कुलूप. फोन सुरू होताना सगळ्यात पहिल्यांदा चालतो तो बूटलोडर, आणि कंपनीच्या सहीशिवाय तो दुसरी कुठलीच सिस्टिम चालू देत नाही. गूगलकडून थेट घेतलेल्या पिक्सेलला सेटिंगमधलं एक बटण आणि संगणकावरून एक कमांड पुरते. शाओमी वर्षानुवर्षं अर्ज करायला लावून 168 तास थांबवायची, पण शेवटी उघडू द्यायची. हुआवेनं 2018 मध्ये अनलॉकचे कोड देणं बंद केलं आणि त्यांचे पुढचे फोन आमच्यापुरते संपले. संध्याकाळच्या लोकलमध्ये ज्या फोनांची गर्दी दिसते, त्यातले बरेचसे इथेच गळतात. फोनचे पैसे तुमचे, किल्ली मात्र कंपनीच्या खिशात. चिपमधली एखादी पळवाट शोधून कुलूप फोडणारे असतात, पण तसा फोन यादीत घालायला माझा ठाम विरोध आहे. एका अपडेटनं ती पळवाट बुजू शकते आणि आपल्या भरवशावर ज्यानं फोन विकत घेतला तो अडकतो.

लोकांना वाटतं आम्ही मॉडेल निवडतो. खरं तर आमचा डोळा चिपवर असतो. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन 845 वनप्लस 6 मध्ये आहे, पोको एफ1 मध्ये आहे, पिक्सेल 3 मध्येही आहे. एकावर ग्राफिक्स आणि वायफाय चालू झालं की पुढच्याचं निम्मं काम उरकलेलं असतं. शिवाय या चिपचा बराचसा आधार लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या गाभ्यातच आहे. कंपन्यांनी हे फोन कर्नलची 4.9 ही आवृत्ती घालून विकले, आणि त्या मालिकेची देखभाल खुद्द लिनक्सवाल्यांनीच जानेवारी 2023 मध्ये थांबवली. त्या जुन्या कर्नलला लटकून राहावं लागत नाही, ही मोठी सोय. कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे फोन विकणाऱ्यांनी आपले बदल उघड करायला हवेत. करतातही, कधी उशिरा, कधी अर्धवट, आणि कधी असे की ते कम्पाइलच होत नाहीत, म्हणजे त्यातून चालणारं काही बनतच नाही.

त्यात नावांचा घोळ. रेडमी नोट 4 या नावानं दोन फोन निघाले, एकात मीडियाटेकची चिप, दुसऱ्यात स्नॅपड्रॅगन 625. जानेवारी 2017 मध्ये आपल्याकडे आला तो दुसरा. इथला रेडमी नोट 5 बाहेर रेडमी 5 प्लस म्हणून विकला गेला, आणि बाहेरचा नोट 5 इथे नोट 5 प्रो झाला. म्हणून आम्ही आपसात कोडनेमनंच बोलतो: मिडो (स्नॅपड्रॅगनवाला नोट 4), विन्स (इथला नोट 5), व्हायरेड (इथला नोट 5 प्रो). पोको एफ1 ची तर आणखी वरची तऱ्हा. त्याचं डिस्प्ले पॅनेल काही फोनांत तियानमा कंपनीचं, काहींत ईबीबीजीचं. बाहेरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. मूळ लिनक्स बसवताना मात्र दोघांसाठी वेगवेगळी इमेज, म्हणजे सिस्टिमची तयार फाइल लागते. चुकीची घातली तर स्क्रीन काळी, आणि मालकाला वाटतं फोन गेला.

परदेशी यादी आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही, त्याचं कारण जिओ. सप्टेंबर 2016 मध्ये सुरू झालेल्या जिओकडे 2जी-3जी कधी नव्हतंच. साधा कॉलसुद्धा 4जी डेटावरून, म्हणजे व्होल्टेनं जातो. एअरटेलच्या सिमवर व्होल्टे नसेल तर फोन कॉलपुरता 2जीवर उतरतो आणि बोलणं होतं. जिओवर उतरायला खाली पायरीच नाही. आणि व्होल्टेचा बराचसा भाग कंपनीच्या बंद फाइलींमध्ये असतो. अँड्रॉइड काढलं की तोही गेला. जर्मनीतला कुणी "कॉल चालतात" असं लिहितो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याच्या नेटवर्कवर ते चालतातच. म्हणून आमच्या मुख्य यादीत यायचं तर इथल्या जिओ सिमवर कॉल लागला पाहिजे, आलाही पाहिजे. बाकीचे सगळे चाचणीच्या यादीत.

ही परीक्षा मी ठाणे-वाशी लोकलमध्ये घेते. कॉल जोडायचा आणि बसायचं. ऐरोली, रबाळे, घणसोली करत टॉवर बदलत जातात, तेव्हा आवाज तुटतो का, तुटला तर परत येतो का, पलीकडच्याला आपलाच आवाज घुमून ऐकू येतो का, हे बघायचं. पलीकडे माझी आई असते. तिला विषय पुरवावा लागत नाही आणि आवाज घुमला की ती लगेच ओरडते. 112 ची चाचणी मात्र अशी सहज घेता येत नाही, म्हणून "आणीबाणीत या फोनवर विसंबू नका" ही ओळ आम्ही सूचनांमधून अजून काढलेली नाही.

चाचणीचे फोन सेकंडहँडच घ्यावे लागतात. ठाणे स्टेशनजवळ ज्यांच्याकडे मी जाते, ते दुकानदार माझ्यापुढे कधीचे हात टेकून बसलेत.

"ताई, एफ1 मध्ये काय ठेवलंय आता? हा घ्या, फाइव्हजी आहे."

"एफ1 चा फोल्डर मिळतो का?"

"मिळतो ना. बॅटरीपण मिळते. वनप्लसचा फोल्डर घ्यायला जाल तर फोनाएवढे पैसे मोजाल."

फोल्डर म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले; तो मिळतो की नाही, ही माहिती मला कुठल्याही कोडपेक्षा मोलाची वाटते. स्क्रीन फुटल्यावर जो फोन भंगारातच जाणार, त्यावर महिनोन् महिने डोकं घालण्यात अर्थ नाही. मग तिथेच उभ्या उभ्या पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून फास्टबूट, म्हणजे नवी सिस्टिम घालायचा पडदा, येतो का पाहायचं, जुन्या मालकाचं शाओमीचं "मी" (Mi) अकाउंट फोनमधून निघालंय ना याची खात्री करायची (नाही तर रीसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो), आणि *#06# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, "केवायएम"च्या (KYM) पुढे लिहून सरकारच्या 14422 वर एसएमएस करायचा. चोरीचा निघाला तर तिथेच परत. दुकानदाराला त्याचा राग येत नाही, उलट आता तोच नंबर वाचून दाखवतो.

एवढं सगळं जुळलं तरी मुख्य प्रश्न राहतोच: तो फोन सांभाळणार कोण? पुष्कळ जण म्हणतात, "माझा जुना फोन घेऊन जा, तुम्हीच करा." मी नम्रपणे नको म्हणते. कपाटातल्या फोनवर सिस्टिम सुरू होते, फोटो काढायला छान दिसते, संपलं. सकाळचा गजर झोपेतून फोनला जागं करत नाही, बॅटरी दुपारीच बसते, कॉलवर माइक मधूनच मुका होतो, हे सगळं तो फोन खिशात घेऊन फिरणाऱ्यालाच कळतं. आमच्याकडे मिडो टिकून आहे तो कळव्याचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा रोज तोच वापरतो म्हणून. त्याहून कितीतरी सरस फोन यादीतून गेले, कारण सांभाळणाऱ्यानं नवा फोन घेतला. जुन्या फोनांना नवं अँड्रॉइड देणाऱ्या लिनिएजओएससारख्या मोठ्या प्रकल्पातही मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, गेला की फोन यादीतून जातो. लांबलचक यादीची हौस मला नाही. सुरक्षेवर भर देणारं अँड्रॉइड बनवणारे ग्रॅफीनओएसवाले पिक्सेलपुरतेच राहिले, कारण त्यांच्या अटी कडक, आणि स्वतःच्या किल्लीनं बूटलोडर परत बंद करता येणं ही त्यातलीच एक. लोक त्यांना हटवादी म्हणतात, मला ते पटतात.

आणि हो, यूपीआय. लिनक्सवर वेड्रॉइड नावाच्या सोयीमध्ये अँड्रॉइडची अ‍ॅप उघडतात, पण बँकांची बरीच अ‍ॅप फोनवरची सिस्टिम गूगलला मान्य आहे का हे पाहणारी प्ले इंटिग्रिटी तपासणी लावतात आणि तिथे आपण नापास. ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि भाजीचे पैसेही त्यातूनच जातात, त्याला मी आपणहून सांगते, बाबा रे, यात पडू नकोस. जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड एवढंच हवं असेल तर लिनिएजओएसच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का बघा.

तरीही विचारायचंच असेल तर "रेडमी आहे" एवढ्यावर भागवू नका. सेटिंगमधला पूर्ण मॉडेल नंबर पाठवा, सिम कुणाचं ते लिहा, आणि निदान वर्षभर तो फोन तुम्ही स्वतः रोज वापरणार आहात का तेही लिहा. शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर कुलपापासून सुरुवात करू.