वास्कोचा सप्ताह आणि एक राहिलेला रूट

सप्ताह होऊन चार दिवस झाले तरी ती दुपार डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढते.

वास्कोच्या दामोदर सप्ताहाचं चोवीस तासांचं अखंड भजन आमच्या नेटवर्कवरून म्हापशाच्या एका केबलवाल्याकडे लाइव्ह द्यायचं होतं, तिथून पुढे सत्तरी, डिचोलीतल्या घरांत. सहा एमबीपीएसचा स्ट्रीम प्रत्येक घराला वेगळा पाठवला तर लिंक बसलीच, म्हणून मल्टिकास्ट, म्हणजे एकच प्रत पाठवायची आणि वाटेतल्या राउटरांनी लागेल तिथे तिच्या प्रती काढायच्या. दोन वेगळी नेटवर्क, दोघांचे आरपी (स्ट्रीम पाठवणारा आणि मागणारे यांची गाठ घालून देणारे राउटर) वेगळे, मध्ये त्या दोन आरपींना एकमेकांकडचे स्ट्रीम कळवणारा एमएसडीपी प्रोटोकॉल.

नारळ ठेवून भजन सुरू झालं आणि तिकडे स्क्रीन काळी. केरीच्या एका आजींचा फोन चुकून थेट माझ्याकडेच आला, "भजन कित्याक दिसना गो बाय?" काय सांगणार!

समोरचा एनओसीवाला (म्हापशाच्या नेटवर्कवर नजर ठेवणारा) एकच पालुपद लावून बसलेला, "मॅडम, एमएसडीपी सेशन अप आहे." अरे, अप असेल, पण चित्र कुठाय? एमएसडीपी फक्त एवढंच सांगतं की अमुक सोर्स (स्ट्रीम पाठवणारं यंत्र) अमुक ग्रुपवर (मल्टिकास्टच्या पत्त्यावर) बोलतोय. पुढे स्ट्रीम मागायचा जॉइन राउटर पाठवतो तो सोर्सकडे जायच्या वाटेने, आणि ती वाट चुकली तर कोणी काही मागतच नाही. मी दर मिनिटाला येणारे एसए मेसेज (एमएसडीपीचे 'सोर्स चालू आहे' सांगणारे निरोप) बघत होते, कॅशेमध्ये आमचा एन्कोडर, म्हणजे आमचा सोर्स, व्यवस्थित दिसत होता. एमराउटमध्ये (मल्टिकास्टच्या वाटांच्या तक्त्यात) मात्र आरपीएफ नेबर, म्हणजे सोर्सकडे जायच्या वाटेवरचा पुढचा राउटर, 0.0.0.0, म्हणजे कोणीच नाही. शेवटी त्याला म्हटलं, दादा, एन्कोडरच्या आयपीकडे जायची तुमची वाट कुठली ते बघा. उत्तर आलं ते त्यांच्या इंटरनेटच्या लिंकचं! तिथे पीआयएम, म्हणजे जॉइन पाठवणारा प्रोटोकॉल, चालूच नाही.

कारण आमच्याच बाजूला होतं. आमचा अख्खा आयपी ब्लॉक त्यांना साध्या बीजीपीतून (नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात तो प्रोटोकॉल) इंटरनेटवरून मिळत होता, आणि एमबीजीपीत (त्याचाच मल्टिकास्टच्या वाटांसाठीचा भाग) आम्ही आमच्या आरपीचा स्लॅश 32, म्हणजे फक्त त्याचा एकच पत्ता, जाहीर केलेला, एन्कोडरचं सबनेट (त्याच्या पत्त्यांचा गट) नाही. एसए थेट आरपीकडूनच येत असल्यामुळे ते बिनतक्रार आत घेतले जात होते. एमबीजीपीत त्या सबनेटचं एक नेटवर्क स्टेटमेंट टाकलं आणि काही सेकंदांत आरपीएफ इंटरफेस बदलला, पॅकेटचा काउंटर पळायला लागला, टाळ ऐकू आले. मधल्या खटपटीत त्यांच्या सीनियरने "स्टॅटिक एमराउट टाकून मोकळे व्हा" म्हटलेलं, म्हणजे वाट हाताने बांधून टाका, ते मी ऐकलं नाही आणि ते बरोबरच होतं, उद्या लिंक बदलली की तेच गळ्यात येतं.

पण दोन तास गेले ते गेलेच. जास्त लागतंय ते हे, की आदल्या दिवशीची टेस्ट पास झाली होती. त्यांच्या राउटरवर जॉइन-ग्रुप लावून (म्हणजे राउटरलाच त्या ग्रुपचा श्रोता बनवून) मी ग्रुपला पिंग केला, रिप्लाय आले, सगळे खूश. पिंग मात्र मी आरपीच्या लूपबॅकवरून (त्या राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून) केला होता, म्हणजे त्यांच्याकडे ज्याची वाट होती नेमक्या त्याच पत्त्यावरून. चेकलिस्टमध्ये 'सोर्स सबनेट'ची ओळ कोरीच होती आणि खाली सही माझी आहे.